सोन्याखालची माती

मातीची चव घेऊन तिचं गाव सांगणारा माणूस उभ्या मावळात एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं, की तो नेमका माझा सासरा निघाला. लोकांचे सासरे विडा खातात, तपकीर ओढतात, फार झालं तर पथ्य मोडून चोरून भजी खातात. आमचे मामंजी माती खात. म्हणजे गिळत नसत. पुढच्या दातांत धरून बघत आणि थुंकून टाकत. पण हा बारीक फरक कळायला माणूस त्या घरात मुरावा लागतो, आणि मी पहिल्यांदा तो प्रकार पाहिला तेव्हा घरात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. लग्न पुण्याला लागलं. वरात तळेगाव स्टेशनावर उतरली, आम्ही दोघं बैलगाडीत आणि मंडळी पुढेमागे पायी. मामंजी सगळ्यांच्या पुढे, अंगात लग्नातला कोट, डोक्याला जरीचा रुमाल, खांद्यावर उपरणं. वाटेत कुणी तरी विहिरीचं काम काढलं होतं, त्याचा उपसा रस्त्याच्या कडेला पडला होता. मामंजी थांबले. ते थांबले म्हणून वाजंत्री थांबले, वाजंत्री थांबले म्हणून बैल थांबले. मामंजी वाकले, एक ढेकूळ उचललं, अंगठ्यानं फोडलं आणि त्यातली चिमूट दातांत धरून डोळे मिटून उभे राहिले. शालूच्या पदराआडून मी ते पाहिलं. वेड्याच्या घरी दिली म्हणायची मला! बरं, एवढ्या मंडळींत कुणाला काही वाटलेलं दिसेना. मामंजी थुंकले, "खडा आहे," म्हणाले, हात झटकले आणि चालू लागले. सनईवाल्यानं जिथं सूर सोडला होता तिथूनच पुढे धरला. मी आमच्या ह्यांच्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले ते हे, "मामंजींना बरं नाही का?" तर हे म्हणाले, "छे, माती बघतायत." दुसऱ्या कुणाचा बाप टपाल बघतो, तसं.

आता हे वेड आलं कुठून ते सांगते. मामंजी रेल्वेत होते, लोणावळ्याच्या मालधक्क्यावर बाबू. तिकडे खंडाळ्याच्या बाजूला मुंबईच्या शेठजींचे मोठाले बंगले. त्यातल्या एका बंगल्यात आरशांच्या चौकटींचं सोनं उडालं, म्हणून मालकानं गोव्याहून एक म्हातारा कारागीर बोलावला. त्याचं घराणंच चर्चमधल्या लाकडी कामावर सोन्याचा वर्ख चढवणारं. त्याच्या पेट्या मालधक्क्यावर उतरल्या, त्यातली एक फुटली, आणि मामंजी ती दोरीनं बांधून द्यायला गेले. ती पेटी त्यांनी बांधली ती जणू स्वतःच्याच गळ्यात. त्या दिवसापासून ड्यूटी संपली की मामंजी घरी यायचे सोडून बंगल्यावर. म्हातारा म्हणे, "बाबू, लाकडावर सोनं बसत नाही. लाकडावर खडू बसतो, खडूवर माती बसते, आणि मातीवर सोनं बसतं." हे वाक्य मी सासरी आल्यापासून इतक्या वेळा ऐकलं, की मंगलाष्टकं विसरेन पण हे नाही. खडू आणि सरसाचे थर देऊन लाकूड गुळगुळीत करायचं, त्यावर लोण्यासारखी लाल माती चढवायची, ती ओली करून त्यावर वर्ख टेकवायचा आणि सुकत आला की अकीक दगडाच्या घोटणीनं घोटायचा. माती मऊसूत असली तर सोनं आरशासारखं चकाकतं. तिच्यात एक जरी बारीक खडा राहिला, तर घोटताना सोन्यावर ओरखडा उठलाच म्हणून समजा. ती माती बोटीनं परदेशातून यायची. पहिली लढाई लागली, बोटी थांबल्या, माती थांबली. म्हातारा गोव्याला परत गेला तेव्हा त्याच्याजवळ उरलेला लिंबाएवढा गोळा त्यानं मामंजींच्या हातावर ठेवला. सासूबाई म्हणायच्या, "मला मंगळसूत्र घालताना नव्हते थरथरले, तेवढे त्या दिवशी थरथरत घरी आले."

त्या गोळ्याचं पुढे काय झालं ते ऐकून मी तर तोंडाला पदरच लावला होता. मामंजींनी तो गोळा जपून जपून वापरला. शेवटी उरला तो कुटून, वस्त्रगाळ करून एका डबीत भरून ठेवला. डबी कुठली, तर सासूबाईंचा जुना करंडा. आणि ठेवली कुठे, तर सोवळ्याची जागा म्हणून देवघरात. चैत्रातलं हळदीकुंकू आलं. सासूबाईंनी करंडा उचलला आणि आल्यागेल्या प्रत्येक सवाष्णीला त्यातलंच लावलं. रंग काय सुंदर! बायका आपणहून विचारत होत्या, कुंकू कुठलं हो आणलंत म्हणून. इतक्यात मामंजी बाहेरून आले. दारातून एकेक बाई बाहेर पडत होती आणि मामंजी तिथं खांबाला टेकून प्रत्येकीच्या कपाळाकडे एकटक बघत उभे. डोळ्यांत पाणी. एका वकिलीणबाईंनी तर आत येऊन सासूबाईंना विचारलं, "अहो, तुमचे यजमान असं काय बघतायत?" सासूबाई बिचाऱ्या बाहेर आल्या तर मामंजी म्हणतात कसे, "त्यांना म्हणावं, धुऊ नका. मी कागद घेऊन येतो, अलगद झाडून द्या." पुढे कितीतरी दिवस आळीतल्या बायका मामंजी दिसले की पदर कपाळावर ओढायच्या.

परदेशी माती अशी कपाळाकपाळांवर वाटली गेली, आणि मामंजींनी पण केला, की आता मावळातच तशी माती शोधायची. पेन्शन घेऊन तळेगावात आले ते ह्याच कामाला लागले. सकाळी पोळी बांधून घ्यायची, उपरण्याचं एक टोक मातीसाठी मोकळं ठेवायचं आणि निघायचं. लोणावळ्याच्या गाडीत बसून कुरवंड्याच्या डोंगरात जात, इकडे आंदर मावळात पायी हिंडत. रात्री परत आले की उपरण्याच्या गाठी सोडत आणि आमच्या खिडकीत ढेकळं ओळीनं मांडत. प्रत्येक ढेकळाला गावाचं नाव आणि वर आदरार्थी बहुवचन! "कुरवंडेकर दिसायला देखणे, पण मनात खडा." "हे शिळिंब्याचे फार चिकट, सोडता सोडत नाहीत." पाहुणे यायचे तर त्यांना वाटायचं मामंजी सोयरिकी बघतायत. एकदा माझे वडील आले होते. मामंजींनी बोलता बोलता त्यांच्या गालावर माती चोळली आणि स्वतःचं बोट त्यावरून फिरवून म्हणाले, "व्याहीबुवा, लागतं का काही? टोचतं?" माझे वडील पुण्याच्या शाळेत हेडमास्तर. त्यांनी आयुष्यात कुणाला गालाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. "नाही टोचत," ते घाबरून म्हणाले. मामंजींना कोण आनंद! गाडीत बसताना वडील मला हळूच म्हणाले, "बाळ, रात्री दाराला कडी लावून झोपत जा."

आणि घर म्हणजे काय, नुसता चिखल. माती पाण्यात कालवायची, जाडंभरडं तळाला बसलं की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते बसलं की तिसऱ्यात. घरातली झाडून सगळी भांडी त्यात अडकलेली. मी नवी नवरी, एकदा ताक समजून पातेल्यावरचं झाकण काढलं तर आत लालभडक! मी किंचाळलेच. मला वाटलं, कुणाचं रक्त काढून ठेवलंय. सासूबाई आतून शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नको, बसायला ठेवलेत." कोण बसायला ठेवलेत ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

पण ह्या सगळ्यावर कडी झाली ती बाळंतपणाच्या लाडवांची. माझी नणंद बाळंतपणाला येणार होती. सासूबाई देवदर्शनाला गेलेल्या. म्हटलं, आपण आपल्या हातानं डिंकाचे लाडू करून सासूला चकित करावं. फडताळात एका कागदात सोनेरी, काचेसारखे खडे बांधलेले दिसले. काय सुरेख डिंक! मी कढईत तूप घातलं, तापू दिलं आणि मूठभर खडे सोडले. डिंक कसा, तुपात पडला की लाहीसारखा फुलतो. हा फुलेना. हा आकसायला लागला, काळा पडायला लागला, आणि असा वास सुटला, असा वास सुटला, की मला वाटलं कुठे तरी काही तरी मेलंय. मामंजी ओसरीवरून धावत आले. स्वयंपाकघरात ते कधी यायचे नाहीत. कढईत डोकावले आणि ओरडले, "सूनबाई! डिंक नव्हे तो! म्हैस आहे ती!"

अहो, सरस होता तो. म्हशीचं कातडं उकळून केलेला सरस, सोन्याच्या कामाचा. आणि मी ब्राह्मणाच्या चुलीवर, साजूक तुपात म्हैस तळत उभी! मी चुलीपाशीच मटकन बसले आणि रडायला लागले, की आता माझी रवानगी पुण्याला. सासूबाई परत आल्या, दारातच त्यांनी नाकाला पदर लावला आणि एका दृष्टीत सगळं ओळखलं. कढई त्यांनी चिमट्यात धरून परसात नेऊन पुरली. चूल फोडून नवी घातली. गोमूत्र शिंपडलं. मला वाटलं, आता माझी पाळी. तर त्या माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "रडू नको. मी पहिल्या वर्षी त्याची खीर केली होती."

त्या दिवशी सासूबाई मला कळायला लागल्या. बाहेरून इतक्या कडक, की ओल्या लुगड्यानं सोवळ्यात स्वयंपाक. मामंजींच्या पुढ्यात कधी बसायच्या नाहीत, त्यांच्याशी बोलायच्या त्या भिंतीकडे बघून. आणि घरात अंडी यायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हो, अंडी! मातीत अंड्याचा पांढरा बलक घालावा लागतो. तो फेसून ठेवायचा, फेस खाली बसून जे निवळ पाणी राहतं त्यात माती खलायची. अंडी आणायचे आंदर मावळातले एक आबा. भातशेती करणारे, आडमाप उंच, आवाज असा की ओसरीवर बोलले तर देवघरातली समई हलावी. बाजाराला तांदूळ घेऊन यायचे आणि तांदळाच्या पोत्यात अंडी लपवून आणायचे. अंडं हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. सासूबाई भिंतीला सांगायच्या, "तुमचे ते गोल आलेत हो." मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

ह्या आबांच्याच भातखाचरात मामंजींना शेवटी हवी ती माती सापडली. बांधाच्या पोटात, खेकड्यानं उकरून बाहेर टाकलेली. मामंजींनी चिमूट दातांत धरली, डोळे मिटले, आणि थुंकलेच नाहीत. मामंजी बाहेरच्यांचे तात्या. आबा सांगायचे, "मला वाटलं तात्यांची दातखीळ बसली. म्या पाणी मारलं तोंडावर." लोण्यासारखी माती, खडा म्हणून नाही. इतक्या वर्षांचं हिंडणं त्या खेकड्याच्या बिळाशी येऊन संपलं. मामंजींनी त्या खेकड्याला नमस्कार केला म्हणतात. मला त्यात काही खोटं वाटत नाही.

आता मामंजींच्या मनात एकच उरलं. आजवर त्यांनी लोकांचे आरसे आणि तसबिरींच्या चौकटी केल्या होत्या. ह्या मातीवर एक तरी मोठं काम, देवाचं काम व्हावं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं ते उघड बोलून दाखवायचे. आणि योगायोग बघा, गावातल्या एका खाजगी राममंदिराची लाकडी प्रभावळ वाळवीनं खाल्ली. पंचांनी नवी कोरून घेतली आणि सोन्याच्या कामासाठी मामंजींकडे पाठवली. चांगली पुरुषभर उंचीची, दोन बाजूंना मोर, वर कीर्तिमुख. मामंजींनी सगळा हिवाळा आणि उन्हाळा त्यावर घालवला. खडूचे थर, ते घासणं, मग आबांच्या खाचरातल्या मातीचे पातळ पातळ हात, आणि वर धोतराच्या फडक्यानं चोळणं. शेवटी ती माती अशी तकाकायला लागली, की मोराच्या छातीत मला माझं तोंड दिसायचं. अजून वर सोनं नव्हतं बरं का, नुसती माती.

सोनं कुठून येणार हा प्रश्न मला पडला नव्हता. एक दिवस सासूबाई भाकरी थापत होत्या, आणि माझं लक्ष त्यांच्या मनगटांकडे गेलं. नुसत्या काचेच्या बांगड्या. माझ्या हातातली पळी खाली पडली. "सासूबाई, पाटल्या?"

"वर्खाला दिल्या," त्या म्हणाल्या. लुगडं धोब्याला दिलं म्हणावं तसं. आणि भाकरी उलटवली.

लग्नातल्या पाटल्या हो! पुण्याला वर्ख कुटणाऱ्याकडे देऊन त्यांचे वर्ख झाले होते, इतके पातळ, की जवळ बोललं तरी उडतील. "मातीवर एवढी वर्षं घालवली त्यांनी," सासूबाई म्हणाल्या, "वर पितळ लावतील का आता?"

वर्ख लावायच्या आदल्या दिवशी पंच काम बघायला आले. त्यात एक निवृत्त मामलेदार होते. त्यांनी मोरावरून हात फिरवला आणि कौतुकानं विचारलं, "वा तात्या! हा गुळगुळीतपणा कशानं येतो हो?" आता साध्या माणसानं म्हणावं, रामाची कृपा. पण मामंजींना आयुष्यात पहिल्यांदा कुणी मातीबद्दल आपणहून विचारलं होतं! त्यांचा चेहरा उजळला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवतायत, खोकतायत, शेवटी त्यांनी पितळेचं तबक खाली टाकलं. मामंजी ऐकतील तर ना! "त्याचं असं आहे, आधी म्हशीचं कातडं," ते एकेक बोट दुमडत म्हणाले, "मग माती, मग अंड्याचा पांढरा बलक. आणि उद्या वर्ख बसवताना पाण्यात थोडी दारू. दारूनं वर्ख असा ओढला जातो बघा, सपकन!"

मामलेदारांनी हातातला चहाचा कप हळूच जमिनीवर ठेवला आणि दूर सारला. ज्या हातानं मोर कुरवाळला होता तो हात अंगापासून लांब धरून ते उठले. "प्रभू रामचंद्राच्या मस्तकामागे?" एवढंच म्हणाले. जाता जाता दुसऱ्या पंचांनी सांगितलं की ही बाटलेली प्रभावळ आता देवळात यायची नाही, आम्ही पितळी करून घेऊ, हिचं तुम्ही काय वाटेल ते करा. मामंजी दारापर्यंत त्यांच्या मागे गेले. "पण खडा एकसुद्धा नाही हो त्यात," ते म्हणत होते. "हात फिरवून बघा ना. एकसुद्धा नाही."

त्यानंतर मामंजी आठवडाभर तापानं पडून होते. उठले ते बोलेनासेच झाले. प्रभावळ ओसरीवर, लाल, बिनसोन्याची. तिच्यावर चादर. वर्खाचे पुडे देवघरात तसेच. मृग तोंडावर आलेला. एकदा मावळचा पाऊस लागला की ओल धरणार, सरसाला बुरशी येणार आणि सगळा थर पापड्यांसारखा सुटणार. हे मामंजींनीच आम्हांला शिकवलेलं. मी एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेले. वाटेत नवी विहीर खणत होते, ताज्या मातीचा ढीग. मामंजी त्याच्या शेजारून खाली बघत निघून गेले. थांबले नाहीत. वाकले नाहीत. लग्नाच्या दिवशी मी जितकी घाबरले होते, त्याहून त्या दिवशी जास्त घाबरले.

मग आबा आले. बाजाराच्या दिवशी, पोतं घेऊन. ओसरीवर चादर बघून त्यांनी ती सरळ ओढलीच. "आरं तिच्या मायला! तात्या, ह्ये तं लय झ्याक! सोनं कुटं हाय?"

सासूबाईंनी भिंतीला सांगितलं, "त्यात ते गोल आहेत ना. रामाला चालत नाहीत."

"आन् माती आमच्याच खाचरातली न्हवं ही?"

"तुमचीच."

आबांनी खाली बसून तंबाखू मळली. "मंग आमच्या देवीला द्या की. तिच्या मागं नुसती भिंत हाय. तिला कोंबडं चालतंय. कोंबडं चालतंय, तर अंडं चालत न्हाई असं कसं म्हनंल ती?"

मामंजी किती दिवसांनी बोलले. "आबा, म्हशीचं कातडंही आहे त्यात."

"तिच्या पायाखाली दुसरं काय हाय वो? म्हैसाच हाय की!"

"आणि दारू लागते."

आबा जरा विचारात पडले. "त्ये मातुर जपून," आवाज खाली आणून म्हणाले. म्हणजे शेजारच्या घरापर्यंतच ऐकू गेला असेल. "देवीचं काय न्हाई. पन आमच्या भगताला कळू देऊ नगा, बाटली ऱ्हायाची न्हाई."

दुसऱ्याच दिवशी बैलगाडीत प्रभावळ गवतात निजवली आणि आम्ही निघालो. मामंजी तापातून उठलेले, गालाची हाडं वर आलेली. सासूबाई म्हणाल्या मी येते, त्या निघाल्या म्हणून मी. आंदर मावळातलं ते देऊळ म्हणजे चार खांब आणि कौलं. सगळं गाव जमलं. मामंजींनी मातीवर पाणी फिरवलं, खारीच्या शेपटीच्या केसांची चपटी कुंचली उचलली आणि स्वतःच्या गालावरून ओढली. हे असं करावंच लागतं. वर्खाला हात लावता येत नाही. गालाचा किंचित तेलकटपणा कुंचलीला लागला की तिला वर्ख चिकटतो आणि मग उचलून ठेवता येतो. मामंजींनी कुंचली वर्खाला लावली. वर्ख उचलेना. पुन्हा गालावर, पुन्हा वर्खावर. उचलेना. तापानं गाल करपून कोरडे पडले होते. आबांनी आपला गाल पुढे केला, पण दाढीच्या खुंटांनी कुंचलीचे केसच अडकले. मातीवरचं पाणी सुकत चाललं. बाहेर आभाळ खाली आलेलं.

खांबाजवळ बसलेल्या सासूबाई उठल्या. मला वाटलं पाणी द्यायला जातायत. त्या सरळ मामंजींच्या पुढ्यात जाऊन बसल्या. डोक्यावरचा पदर मागे सारला. आणि आपला गाल त्यांच्यापुढे धरला.

मी सांगते, म्हैस तळली तेव्हा मी एवढी हादरले नव्हते. ज्या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याकडे चार माणसांत मान वर करून पाहिलं नाही, ती सगळ्या गावादेखत, देवीसमोर! बायकांचे हात तोंडाशी गेले. "आगं बया!" कुणी तरी म्हणालंच. मामंजी कुंचली हातात धरून तसेच थांबले.

"अगं, लोक आहेत," ते पुटपुटले.

"असू देत लोक," सासूबाई म्हणाल्या. भिंतीला नाही, त्यांना. "पाऊस येईल."

मामंजींनी कुंचली त्यांच्या गालावरून हळूच फिरवली. वर्ख उचलला गेला आणि मोराच्या छातीवर सपकन बसला. मग दुसरा. मग तिसरा. गालावरून कुंचली, वर्ख, मोर. पुन्हा गालावरून कुंचली. त्यांच्याच पाटल्यांचं सोनं त्यांच्याच गालाला चिकटून चाललं होतं. बोलायचं कुणी नाही, श्वाससुद्धा जपून. आबांच्या बायकोनं तेवढं हळूच म्हटलं, "वैनी, आता दुसरा गाल द्या, ह्यो लाल झाला." सासूबाई हसल्या. मी त्यांना मामंजींच्या समोर हसताना पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी मामंजींनी घोटणीनं टकटक करून, कान लावून ऐकलं, आवाज पक्का आला तसं घोटायला घेतलं. समया लावल्या आणि ती प्रभावळ अशी पेटली, की माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. एक ओरखडा नाही. परतताना गाडीत मामंजींनी आबांना एका बांधापाशी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, वाकले, चिमूट दातांत धरली. सासूबाईंनी माझा हात घट्ट दाबला.

आता मामंजी नाहीत, सासूबाई नाहीत, आबाही गेले. मध्यंतरी नातवानं मोटारीनं मला तिकडे नेलं. देऊळ आता सिमेंटचं आहे. प्रभावळ आहे. नवस बोलणाऱ्या बायका मोराला हात लावून जातात, म्हणून छातीवरचं सोनं झिजलंय आणि खालची लाल माती दिसायला लागलीये, तेवढाच गालाएवढा भाग. पुजारीण म्हणाली, "पुन्यावरून लोक आलतं, रंग देतो म्हनं. आमी न्हाई म्हटलं. देवीचा मोर लाजलाय, आसू दे तसाच." मी त्या जागेवरून बोट फिरवलं. अजून लोण्यासारखी.

परतताना मी मोटार थांबवायला लावली. आबांचं खाचर नेमकं कुठलं ते मला आता ओळखू येईना. तरी एका बांधापाशी काठी टेकत उतरले, वाकले, इकडेतिकडे पाहिलं आणि चिमूटभर माती पुढच्या दातांत धरून डोळे मिटले. नातू मोटारीतून ओरडला, "आजी! अगं काय खातेस?" 

कच्चकन खडा लागला. पण थुंकायचं काही मनात येईना.